आवाज खंडित होऊ नये म्हणून : थेट कार्यक्रमांतील दुहेरी ध्वनिजाळ्याची जोडणी

२३ सप्टेंबर १९७६ च्या रात्री अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या वॉलनट स्ट्रीट थिएटरमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांच्यातील जाहीर वादचर्चा अखेरच्या टप्प्यात आली होती. केनेडी आणि निक्सन यांच्या १९६० मधील चर्चांनंतर सोळा वर्षांनी अध्यक्षपदाचे उमेदवार असे समोरासमोर आले होते आणि कोट्यवधी प्रेक्षक दूरचित्रवाणीसमोर बसले होते. कार्टर बोलत असतानाच प्रक्षेपणातील आवाज अचानक नाहीसा झाला. चित्र दिसत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. पुढील २७ मिनिटे दोन्ही उमेदवार आपापल्या जागी थांबून राहिले आणि तंत्रज्ञ दोष शोधत राहिले. ध्वनियंत्रणेतील एक छोटासा कपॅसिटर निकामी झाला होता, असे नंतर आढळले. बाजारात काही पैशांना मिळणाऱ्या त्या एका सुट्या भागाने देशाच्या राजकारणातील मोठी घटना जवळजवळ अर्धा तास मूक केली होती.

ध्वनियंत्रणेत ज्या एकाच बिंदूतून सगळा आवाज जातो, तो बिंदू कितीही क्षुल्लक असला तरी संपूर्ण कार्यक्रमाचे भवितव्य त्याच्या हाती असते. महत्त्वाच्या भाषणांच्या वेळी वक्त्यासमोर एकमेकांना खेटून दोन मायक्रोफोन लावलेले दिसतात. त्यातील एक बहुधा राखीव असतो. ही खबरदारी प्रेक्षकांच्या परिचयाची आहे. मात्र मायक्रोफोनपासून पुढे, मिक्सिंग कन्सोलपर्यंत आणि तेथून ॲम्प्लिफायरपर्यंत जो मार्ग जातो, त्याच्या राखीव व्यवस्थेकडे प्रेक्षकांचे लक्ष जाण्याचे कारण नसते. गेल्या दोन दशकांत हा मार्ग पूर्णपणे बदलला आहे आणि त्याबरोबर तो तुटण्याचा धोकाही.

पूर्वी रंगमंचावरील प्रत्येक माइकसाठी स्वतंत्र तारांची जोडी असे. अशा अनेक जोड्या एका जाड आवरणात गुंडाळलेली मल्टिकोर केबल रंगमंचापासून प्रेक्षागृहातील ध्वनिनियंत्रकाच्या टेबलापर्यंत ओढली जात असे. ती उचलायला दोन-तीन माणसे लागत. तिचा एक गुण मात्र होता : आतील एखादी तार तुटली तर एखादाच माइक बंद पडे. डिजिटल पद्धतीत रंगमंचावर ठेवलेला स्टेज बॉक्स सर्व माइकांचे संकेत आकड्यांत रूपांतरित करतो आणि संगणकाच्या जाळ्यात वापरतात तशाच बोटाएवढ्या जाडीच्या एका केबलमधून ते कन्सोलकडे धाडतो. मिसळलेला आवाज परत स्पीकरकडे जातो तोही बहुतेक वेळा याच केबलमधून. जुनी तार तुटली तर तबल्याचा एक माइक जाई. आजची केबल तुटली तर तबला, तानपुरा, गायक आणि निवेदक एकाच क्षणी गप्प होतात. सोय वाढली, तशी जोखीमही एका ठिकाणी एकवटली.

या क्षेत्रात आज सर्वाधिक परिचित असलेली पद्धत म्हणजे डान्टे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे २००६ मध्ये स्थापन झालेल्या ऑडिनेट या कंपनीने ती विकसित केली आणि तिचे मूळ त्या देशातील निक्टा या माहिती-तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील कामात होते. वेगवेगळ्या उत्पादकांची कन्सोल, स्टेज बॉक्स, ॲम्प्लिफायर आणि वायरलेस माइकचे रिसिव्हर या एकाच पद्धतीने एकमेकांशी जोडता येतात. त्यासाठी वेगळ्या प्रकारची केबल किंवा स्विच लागत नाही. कार्यालयांत वापरले जाणारे साधे इथरनेट पुरते. प्रत्येक ध्वनिवाहिनीचे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा, असा हिशेब धरल्यास ६४ वाहिन्यांसाठी सेकंदाला सुमारे ७ कोटी ३७ लाख बिट वाहून न्यावे लागतात. त्यावर पत्ते आणि इतर आवश्यक माहितीचा भार वेगळा. म्हणूनच अशा जोडणीत सेकंदाला १०० कोटी बिट वाहणारे गिगाबिट स्विच वापरतात.

ध्वनीच्या जाळ्यात वेगाइतकेच वेळेचे भान महत्त्वाचे असते. संगणकावरील एखादी फाइल अर्धा सेकंद उशिरा पोहोचली तर कोणाचे काही बिघडत नाही. गाणाऱ्याचा आवाज मात्र थांबून येऊ शकत नाही. जाळ्यातील एक उपकरण घड्याळाची भूमिका घेते आणि उरलेली सर्व उपकरणे एक मायक्रोसेकंदाच्या आतील अचूकतेने त्याच्या तालावर चालतात. हे उपकरण बंद पडल्यास उरलेली उपकरणे आपसांत नवे घड्याळ निवडतात. आवाज पोहोचण्यास साधारणपणे एक मिलिसेकंदाची मुदत दिलेली असते. हवेतून तेवढ्या वेळात ध्वनी जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे श्रोता आपल्या खुर्चीत मागे रेलला तरी त्याहून अधिक फरक पडत नाही. परंतु ही मुदत उलटून आलेल्या पॅकेटचा काहीही उपयोग नसतो. ती टाकून दिली जातात आणि त्या जागी क्षणभर शांतता किंवा ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो.

याच कारणामुळे येथे राखीव व्यवस्थेची कल्पना संगणकीय जाळ्यातील नेहमीच्या कल्पनेपेक्षा निराळी ठरते. कार्यालयीन जाळ्यात दोन स्विचमध्ये दोन केबल टाकून एक बंद ठेवण्याची रीत आहे. पहिली तुटली की स्विच ते ओळखतात आणि दुसरी सुरू करतात. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या स्पॅनिंग ट्री या मूळ पद्धतीला त्यासाठी ३० ते ५० सेकंद लागतात. तिची सुधारित आवृत्ती बरीच जलद आहे. तरीही एक मिलिसेकंदाच्या मुदतीपुढे तिचा वेगही अपुरा पडतो. अर्ध्या मिनिटाची शांतता ई-मेलच्या बाबतीत कोणाच्या लक्षातही येणार नाही. भरलेल्या मैदानात ती कार्यक्रम थांबवण्यास पुरेशी आहे.

डान्टेच्या दुहेरी व्यवस्थेत म्हणून ‘बदल’ असा प्रकारच ठेवलेला नाही. उपकरणावर प्रायमरी आणि सेकंडरी असे दोन पोर्ट असतात. पाठवणारे उपकरण प्रत्येक ध्वनिपॅकेटच्या दोन प्रती करते आणि त्या दोन वेगळ्या जाळ्यांतून एकाच वेळी रवाना करते. घेणारे उपकरण दोन्ही प्रतींची वाट पाहते, एक वापरते आणि दुसरी सोडून देते. एखाद्या मार्गावरील प्रत आलीच नाही, तर दुसऱ्या मार्गाने आलेली प्रत हाताशी असतेच. त्यामुळे केबल तुटल्यावर काहीही ‘सुरू’ करावे लागत नाही आणि श्रोत्याला साधी खरखरही ऐकू येत नाही. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण केंद्रांमध्ये एसएमपीटीई २०२२-७ या मानकाने हेच तत्त्व वापरले जाते.

तत्त्व सोपे आहे. चूक होते ती जोडणीत. दोन केबल टाकणे म्हणजे दोन जाळी उभारणे नव्हे, हा फरक कागदावर स्पष्ट दिसतो, पण रंगमंचाच्या मागे, अंधारात, कार्यक्रमाला तासभर उरलेला असताना तो सहज विसरला जातो.

उपकरणावरील ते दोन पोर्ट दोन निराळ्या पद्धतींनी काम करू शकतात. पहिल्या पद्धतीत ते दोन पोर्ट म्हणजे उपकरणाच्या पोटातील एका छोट्या स्विचची दोन तोंडे असतात. एका स्टेज बॉक्समधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी साखळी जोडण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते. लहान सभागृहात ती स्वस्त आणि पुरेशी आहे, परंतु साखळीतील मधले उपकरण बंद पडले की त्याच्या पलीकडची सर्व उपकरणे तुटतात. दुसऱ्या पद्धतीत तेच दोन पोर्ट एकमेकांपासून पूर्ण विलग होतात आणि एक प्रायमरी, दुसरा सेकंडरी बनतो. काही स्टेज बॉक्सवर ही निवड मागील बाजूच्या बारीक खटक्यांनी करावी लागते, काहींवर सॉफ्टवेअरमधून. बदलानंतर उपकरण पुन्हा सुरू करावे लागते. बाहेरून पाहता दोन्ही पद्धतींतील उपकरण हुबेहूब सारखे दिसते.

आता समजा, दहा उपकरणांपैकी आठ विलग पद्धतीवर आणि दोन चुकून साखळी पद्धतीवर राहिली आहेत. भाड्याने आणलेल्या सामानात हे नेहमी घडते, कारण मागील कार्यक्रमात ती तशी वापरलेली असतात. तंत्रज्ञ आराखड्यानुसार प्रत्येक उपकरणाचा एक पोर्ट प्रायमरी स्विचला आणि दुसरा सेकंडरी स्विचला जोडतो. साखळी पद्धतीवरील पहिले उपकरण त्याच क्षणी दोन जाळ्यांमधला पूल बनते आणि दोन स्वतंत्र जाळ्यांचे एकच जाळे होते. असे दुसरे उपकरण जोडताच प्रायमरी स्विच, पहिले उपकरण, सेकंडरी स्विच, दुसरे उपकरण आणि पुन्हा प्रायमरी स्विच असा बंद फेरा तयार होतो. इथरनेटच्या पॅकेटला आयुष्याची मर्यादा नसते. सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश या फेऱ्यात शिरला की तो फिरतच राहतो, प्रत्येक स्विचपाशी त्याच्या नव्या प्रती निघतात आणि काही क्षणांत जाळे निरर्थक वाहतुकीने भरून जाते. चांगल्या प्रतीचे, नीट मांडणी केलेले स्विच असा फेरा ओळखून एक मार्ग बंद करतात. साधे स्विच तसे करीत नाहीत. अशा वेळी ध्वनी एका बाजूने नव्हे, सगळीकडून बंद पडतो. सुरक्षिततेसाठी लावलेली जास्तीची केबलच मग अपघाताचे कारण ठरते आणि घाबरलेला माणूस शोधत बसतो तो तुटलेली केबल, जी कोठेही नसते.

यावरील उपाय खर्चिक नाहीत, फक्त शिस्तीचे आहेत. जोडणीपूर्वी प्रत्येक उपकरणाची पद्धत सॉफ्टवेअरमध्ये पाहून घेतली जाते. जाळ्यात पत्ते वाटणारी स्वतंत्र यंत्रणा नसेल, तर डान्टेची उपकरणे प्रायमरी बाजूस १६९.२५४ ने आणि सेकंडरी बाजूस १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतात. हे दोन आकडे पाठ असलेल्या तंत्रज्ञाला चुकीच्या जाळ्यात शिरलेले उपकरण यादीवर नजर टाकताच ओळखू येते. दोन जाळ्यांच्या केबल दोन वेगळ्या रंगांच्या ठेवण्याची पद्धतही यासाठीच आहे. वीज वाचवण्यासाठी रिकाम्या क्षणी पोर्ट निद्रिस्त करण्याची जी सोय अनेक स्विचमध्ये असते, ती ध्वनिजाळ्यात बंद करावी लागते, कारण जागे होण्यास लागणारा सूक्ष्म वेळही घड्याळाचा ताल बिघडवतो. घड्याळाच्या संदेशांना पहिले प्राधान्य, ध्वनीला दुसरे आणि उरलेल्या साऱ्याला त्यानंतरचे, अशी क्रमवारीही स्विचला सांगून ठेवणे इष्ट असते.

दोन जाळी खरोखर स्वतंत्र आहेत की नाही, हे अखेर त्यांच्यात सामाईक काय उरले आहे यावर ठरते. दोन्ही केबल एकाच नळीतून, एकाच कठड्याखालून नेल्या असतील तर सामान वाहणारी एक गाडी दोन्ही एकदम चिरडू शकते. भारतातील उघड्यावरील कार्यक्रमांत मांडवाचे खांब, कनाती, ऐनवेळी सरकवलेले लोखंडी अडथळे, उंदीर आणि अवेळी आलेला पाऊस हे केबलचे नेहमीचे शत्रू आहेत. त्यामुळे एक मार्ग मैदानाच्या डाव्या बाजूने आणि दुसरा उजव्या बाजूने नेण्याचा आग्रह धरला जातो. वेगळे मार्ग, वेगळे स्विच आणि दोन्ही स्विचचा प्लग मात्र एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, असे दृश्यही दुर्मीळ नाही. त्या बोर्डाचे बटण चुकून दाबले गेले की दुहेरी व्यवस्था संपली. प्रत्येक जाळ्याच्या स्विचला स्वतंत्र यूपीएस आणि शक्य असल्यास स्वतंत्र वीजपुरवठा, ही त्यामुळे चैन नसून या व्यवस्थेची किमान अट आहे.

अंतराचा प्रश्न मोठ्या मैदानांत उभा राहतो. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम आणि अहमदाबादचे नरेंद्र मोदी स्टेडियम येथे झाले. यापैकी दुसऱ्याची आसनक्षमता १ लाख ३२ हजार आहे. एवढ्या पसाऱ्यात रंगमंचापासून मिक्सिंग कन्सोलपर्यंत गर्दीला वळसा घालून जाणारी केबल शंभर मीटरची मर्यादा सहज ओलांडते. अशा ठिकाणी काचेच्या तंतूंची ऑप्टिकल फायबर वापरावी लागते. तिच्या प्रकारानुसार ती काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत गिगाबिट वेगाने संकेत नेते, आणि तिच्यातून वीज वाहत नसल्याने दोन टोकांच्या वीजपुरवठ्यांतील फरकामुळे येणारा गुणगुणाटही टळतो. तिचे दोन्ही मार्ग अर्थातच वेगळे असावे लागतात.

दुहेरी जाळ्याचा सर्वांत फसवा दोष त्याच्या यशातच दडलेला आहे. एक मार्ग तुटला तरी आवाज अबाधित राहतो, म्हणून तो तुटल्याचे कोणालाच कळत नाही. सकाळी चाचणीच्या वेळी सेकंडरी केबलवर खुर्च्यांचा ढीग ठेवला गेला आणि ती निकामी झाली, तरी सायंकाळी कार्यक्रम सुरळीत सुरू होतो. ध्वनिनियंत्रक निर्धास्त असतो आणि प्रत्यक्षात त्याच्यापाशी एकच मार्ग उरलेला असतो. दुसरा आघात होतो तेव्हा ‘दुहेरी व्यवस्था असूनही बंद पडले’ असे म्हटले जाते. वस्तुतः ती कित्येक तासांपूर्वीच एकेरी झालेली असते. म्हणून नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही जाळ्यांची स्थिती सतत उघडी ठेवणे आणि ती पाहण्याची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीवर सोपवणे आवश्यक असते. येथेही एक मेख आहे. सॉफ्टवेअर चालवणारा संगणक केवळ प्रायमरी जाळ्याला जोडलेला असेल, तर ते जाळे कोसळताच पाहणाऱ्याचे डोळेही मिटतात. त्या संगणकालाही दुसऱ्या जाळ्यात स्वतंत्र जोडणी द्यावी लागते.

सगळ्याच उपकरणांना दोन पोर्ट नसतात. ध्वनिमुद्रणाचा लॅपटॉप आणि अनेक लहान उपकरणे एकाच पोर्टवर चालतात आणि ती प्रायमरी जाळ्यालाच जोडली जातात. ते जाळे गेले की ती जाणारच. ध्वनिमुद्रण थांबले तर हळहळ वाटेल, पण मुख्य स्पीकरचे ॲम्प्लिफायर त्या यादीत असतील तर बाकीच्या साऱ्या दुहेरी जोडणीला अर्थ उरत नाही. या ठिकाणी अनेक अनुभवी तंत्रज्ञ कन्सोलपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जुन्या पद्धतीची ॲनालॉग तार राखीव म्हणून टाकून ठेवतात. नव्या पिढीला ते जुनाट वाटते. परंतु एखाद्या सदोष सॉफ्टवेअरमुळे दोन्ही डिजिटल जाळी एकाच वेळी गोंधळली, तर उपयोगी पडते ती वेगळ्या जातीची वाटच.

कन्सोल स्वतःच बंद पडला तर जाळे काहीही करू शकत नाही. म्हणून डिजिको कंपनीच्या एसडी७ सारख्या मोठ्या कन्सोलमध्ये दोन स्वतंत्र प्रक्रियायंत्रे असतात. मध्यम आकाराच्या कार्यक्रमांत कलाकारांना त्यांचाच आवाज ऐकवण्यासाठी रंगमंचाच्या कडेला असलेला दुसरा कन्सोल अडचणीच्या वेळी मुख्य काम उचलू शकतो, कारण दोन्ही एकाच स्टेज बॉक्समधील माइक वापरत असतात. या वाटणीची एक किंमत असते : माइकची मूळ पातळी, म्हणजे गेन, एका कन्सोलवरून बदलला की दुसऱ्याचाही आवाज बदलतो. काही उपकरणांत ही तफावत आपोआप भरून काढण्याची सोय असते. ती नसेल तर गेनला हात कोणी लावायचा, हे दोन नियंत्रकांनी आधीच ठरवून घ्यावे लागते.

डान्टे हा एकमेव मार्ग नाही. ऑप्टोकोरसारख्या पद्धतीत उपकरणे फायबरच्या वर्तुळात जोडलेली असतात आणि एका ठिकाणी वर्तुळ तुटले तर संकेत उलट दिशेने पोहोचतात. केबल वाचते, पण दोन ठिकाणी तुटल्यास मधला भाग वेगळा पडतो. कोणती पद्धत श्रेष्ठ यावर ध्वनितंत्रज्ञांमध्ये वाद रंगतात. प्रत्यक्षात निवड बहुधा भाड्याने काय उपलब्ध आहे यावरूनच होते.

गावातील वाढदिवसाच्या कार्यक्रमासाठी एवढा व्याप करण्याची गरज नाही. तेथे एक सुस्थितीतील केबल आणि एक जादा केबल पेटीत असणे पुरेसे आहे. थेट प्रक्षेपण, शपथविधी, तिकीट लावून होणारी मोठी मैफल किंवा जेथे गर्दीला सूचना देण्याचे एकमेव साधन ध्वनिक्षेपक आहे अशी सभा, या ठिकाणी मात्र हिशेब बदलतो. हजारोंच्या जमावात अचानक पसरलेली शांतता ही केवळ रसभंगाची बाब राहत नाही. बाहेर पडण्याचा मार्ग सांगणारा आवाजही त्याच केबलमधून येत असतो.

या साऱ्याची परीक्षा प्रेक्षकांसाठी दारे उघडण्यापूर्वी होते. मैदानात एखादे संथ, सलग गाणे लावले जाते आणि ते सुरू असतानाच तंत्रज्ञ प्रायमरी केबल उपसून काढतो. बाकीचे स्पीकरसमोर उभे राहून ऐकतात. गाण्यात खंड पडला नाही तर केबल परत जोडली जाते. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर पहिले जाळे पूर्ववत झाल्याची खूण येईपर्यंत थांबावे लागते आणि मगच सेकंडरी केबल काढली जाते. घाईत ही वाट न पाहिल्यास चाचणीच आवाज बंद पाडते. त्यानंतर दोन्ही स्विचची वीज आळीपाळीने बंद करून तेच पुन्हा केले जाते. अखेरीस पेट्यांची झाकणे लावली जातात, दोन्ही रंगांच्या केबल चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बसवल्या जातात आणि प्रवेशद्वारावर ‘आवाज तयार’ असा निरोप जातो.